महाड परिषदेतील भाषण (1927) : अनुनयाच्या त्रिविध साधनांचा पुनर्विचार

श्रोत्यांचे मन वळविण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने सांगितली : वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि विषयातील तर्क. महाविद्यालयीन अध्यापनात ही तीन साधने बहुधा तीन स्वतंत्र रकान्यांप्रमाणे शिकविली जातात. भाषणातील एक वाक्य येथे, दुसरे तेथे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महाड येथील 25 डिसेंबर 1927 च्या अध्यक्षीय भाषणाला ही पद्धत लावली असता तिची मर्यादा लगेच उघड होते.

मुंबईचे प्रतिनिधी 24 डिसेंबरला पद्मावती बोटीने निघाले. जंजिरा संस्थानचा आगरदांडा-राजपुरीचा किनारा मागे टाकून, पुढे सावित्रीच्या खाडीतून ते दासगावला पोहोचले. त्याच वर्षी 20 मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली होती. डिसेंबरमध्ये तर दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूमही निघाला होता. मुंबई कायदे कौन्सिलातील सी. के. बोले यांचा 1923 चा ठराव आणि त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले करण्याचा घेतलेला निर्णय, हे दोन्ही कागदावरच राहिले होते. अशा श्रोत्यांना क्षुब्ध करणे कठीण नव्हते.

वक्त्याने मात्र प्रारंभी पाण्याचे महत्त्वच कमी केले. हे पाणी न पिताही लोक आजवर जगले; तेव्हा तळ्यावर जायचे ते तहान भागविण्यासाठी नव्हे, तर आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हे विधान कोणत्या रकान्यात घालावे? त्याची रचना तार्किक आहे, परिणाम भावनिक आहे, आणि ते ज्याच्या तोंडी आहे त्याने त्याच अपमानाचा अनुभव घेतलेला असल्याने त्यात वक्त्याची साक्षही मिसळलेली आहे. पुढे अस्पृश्यतेचे मूळ बेटीबंदीत दाखविताना हीच पद्धत आढळते. कारणमीमांसा जितकी कोरडी, तितका तिचा आघात अधिक.

फ्रान्समधील 1789 च्या राष्ट्रीय सभेशी केलेली तुलना हा भाषणाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग होय. मंडपातील खेडूत श्रोत्यांना व्हर्सायचे किती परिचित असेल, अशी शंका घेता येते. परंतु एप्रिल 1927 पासून ‘बहिष्कृत भारत’ निघत होते; सुशिक्षित वाचकवर्गही वक्त्यासमोर होता, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शिवाय तळ्याच्या वादाला जगाच्या इतिहासात स्थान मिळाल्याने श्रोत्यांना आपल्या कृतीचे मोल वेगळ्या मापाने कळते. हा दाखला माहिती देण्यापेक्षा दर्जा देण्याचे काम करतो. त्याच दिवशी झालेल्या मनुस्मृतिदहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला, हाही विश्वासार्हतेच्या दृष्टीने लक्षणीय भाग होय, जरी तो भाषणाबाहेरचा आहे.

वक्तृत्वाची खरी कसोटी 27 डिसेंबरला लागली. सत्याग्रहासाठी लोक सिद्ध झाले होते आणि त्यांच्या भावना त्याच वक्त्याने जागविल्या होत्या. आता त्यांना थांबविणे भाग होते. लढा सनातनी वर्गाशी आहे, सरकारशी नव्हे. न्यायालयाचा हुकूम मोडून दोन्ही आघाड्यांवर लढणे इष्ट नाही, अशी भूमिका मांडून त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. येथे तर्क भावनेविरुद्ध उभा आहे. तो केवळ तर्काच्या बळावर मान्य झाला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. मार्चमध्ये तळ्यात प्रथम उतरलेल्या माणसाचा हा सल्ला होता, म्हणूनच तो भ्याडपणा वाटला नाही.

परिषदेनंतर स्त्रियांसमोर झालेल्या भाषणाकडे समीक्षकांचे दुर्लक्ष झाले आहे. लुगडे नेसण्याची पद्धत, कथलाचे दागिने, मुलींचे शिक्षण असे तेथील विषय आहेत. क्रांतीचा एकही दाखला नाही. तरीही माणूसपणाचा मूळ मुद्दा तोच असून तो अंगावरील वस्त्राच्या आधारे मांडलेला आहे. सत्याग्रह तहकूब झाल्यावर लोकांनी मिरवणुकीने तळ्याला प्रदक्षिणा घातली. पाण्याला कोणी स्पर्श केला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय येण्यास 17 मार्च 1937 उजाडावा लागला.