हाक आणि ओ
बोलक्या यंत्रांच्या ‘मानवकेंद्री’ दाव्याची एक तपासणी

१

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियेच्या चार छटा रोजच्या बोलण्यात आहेत. आवाज नुसता कानावर पडला तर तो ‘ऐकू येतो’. सांगितलेले काम मूल करते तेव्हा ते ‘ऐकते’. कोणाचे गाऱ्हाणे आपण मध्ये न बोलता ‘ऐकून घेतो’. आणि कोणी हाक मारली तर ‘ओ देतो’. ओ देणे म्हणजे मी इथे आहे, येतो आहे, एवढे आश्वासन देणे.

गेल्या दशकभरात बोलकी यंत्रे घरातून बाहेर पडून तीन नव्या ठिकाणी गेली आहेत : हॉटेलची खोली, रुग्णालयातील खाट आणि वृद्धनिवास. तिन्ही ठिकाणचा माणूस थोडाफार परावलंबी असतो. पाहुणा परक्या गावात असतो, रुग्ण खाटेला खिळलेला असतो, वृद्धाचे हातपाय थकलेले असतात. उठून जाणे जमत नाही तेव्हा माणूस हाक मारतो, म्हणून या जागी आवाजावर चालणारे साधन सोयीचे, हा विचार चुकीचा नाही. मात्र अशा प्रत्येक यंत्राला त्याचे निर्माते ‘मानवकेंद्री’ म्हणतात, आणि हे विशेषण बहुधा यंत्राच्या बोलण्यावरून दिले जाते : आवाज किती मऊ, वाक्ये किती आपुलकीची. या लेखाचे म्हणणे असे, की कसोटी बोलण्याला नव्हे, ‘ओ’ला लावली पाहिजे. हाक कोणापर्यंत पोचली आणि कोण आले?

२

यंत्राच्या आपुलकीवर माणूस किती पटकन विश्वास ठेवतो, हे फार पूर्वी दिसून आले आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६मध्ये ‘एलायझा’ नावाच्या संगणकीय कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. तो बोलत नसे. टंकलेल्या वाक्यातले शब्द उचलून त्यांचाच प्रश्न करून परत देत असे. त्याची गाजलेली भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची. ‘मला उदास वाटते’ असे लिहिले, की उदास वाटण्याबद्दलच तो पुन्हा विचारी. त्याला कळत काहीच नव्हते. तरीही वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने, हा कार्यक्रम कसा घडत गेला हे पाहिलेले असूनही, त्याच्याशी थोडा वेळ संवाद केल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७६मध्ये यंत्राकडे कोणती कामे सोपवू नयेत याविषयी एक पुस्तक लिहिले.

एलायझा हे नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या नायिकेचे. मराठी वाचक तिला पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तली मंजुळा म्हणून ओळखतात. त्या नाटकात गरीब मुलीला प्रतिष्ठितांच्या जगात जागा हवी असेल, तर स्वतःची बोली बदलावी लागते. हा धागा पुढे पुन्हा हाती घ्यावा लागेल.

३

तीन ठिकाणांपैकी सर्वांत कमी जोखीम हॉटेलात. जपानच्या नागासाकी प्रांतात २०१५मध्ये ‘हेन ना’ हॉटेल उघडले ते यंत्रमानवांच्या जोरावर. खोल्यांमध्ये चुरी नावाची बोलकी बाहुली होती. २०१९च्या जानेवारीत बातमी आली, की तिथल्या २४३ यंत्रमानवांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकण्यात आले. एका पाहुण्याचे घोरणे बाहुलीला आज्ञेसारखे वाटे. ‘नीट कळले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणून ती त्याला रात्रीतून अनेकदा उठवत राहिली. शेजारच्या करमणूक उद्यानाच्या वेळा विचारल्या तर तिला उत्तर देता येत नसे. ते काम अखेर कर्मचाऱ्यांकडेच येई.

हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट आहे, पण तिच्यातला दोष किरकोळ नाही. चुरीला ऐकू येत होते. हाक कोणती आणि हाक नव्हे ते कोणते, हा विवेक नव्हता. शिवाय आपल्याला जे जमत नाही ते माणसाकडे पोचवण्याची सोय तिच्यात नव्हती. पाहुण्याच्या बाबतीत नुकसान एका रात्रीच्या झोपेचे. हाच दोष रुग्णाच्या खोलीत गेला, की त्याचे वजन बदलते.

४

२०१८मध्ये टिमोथी बिकमोर आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५४ जणांना सिरी, अलेक्सा आणि गुगल असिस्टंट यांना आरोग्यविषयक प्रश्न विचारायला सांगितले आणि मिळालेल्या उत्तरावरून ते काय करतील, हे नोंदवले. ज्या १६८ प्रसंगी काम पूर्ण झाले, त्यांतील ४९ प्रसंगी ठरवलेली कृती अपायकारक होऊ शकली असती. २७ प्रसंगी ती जिवावर बेतू शकली असती. चूक एकाच जागी नव्हती. कधी माणसाने अर्धीच माहिती दिली, कधी यंत्राने अर्धेच ऐकले, आणि उत्तर मात्र आत्मविश्वासाने आले. डॉक्टर उलट विचारतात : आणखी कोणती गोळी चालू आहे? या यंत्रांना उलट विचारायचे बहुधा सुचलेच नाही. ऐकून घेण्याची जागा ऐकू येण्याने घेतली.

याउलट उदाहरण लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाचे. तिथे २०१९मध्ये शंभराहून अधिक खोल्यांत ‘आयव्हा’ नावाची व्यवस्था बसवण्यात आली. नेहमीच्या बेलची अडचण अशी, की पाणी हवे असो वा वेदना असह्य झाली असो, ती एकच वाजते. इथे रुग्ण बोलतो, यंत्र मागणीचा प्रकार ओळखते आणि निरोप योग्य माणसाच्या फोनवर पाठवते : वेदनाशामक हवे तर नर्सकडे, स्वच्छतागृहात जायचे तर मदतनिसाकडे. ठरावीक वेळेत कोणी प्रतिसाद दिला नाही, तर निरोप वरच्या व्यक्तीकडे जातो. हे शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. यंत्र इथे सोबती असल्याचा आव आणत नाही. ते निरोप्या आहे, आणि ओ मिळाली नाही तर गप्प बसत नाही. अर्थात वॉर्डात माणसेच कमी असतील, तर निरोप वर जाईल पण कोणी येणार नाही. त्याला आवाजाची कोणतीही तंत्रविद्या पुरी पडणार नाही.

५

वृद्धांच्या बाबतीत निरोप्या आणि सोबती यांतली रेघ सर्वांत पुसट होते. इस्रायलमधल्या इन्ट्युइशन रोबोटिक्स कंपनीचे ‘एलीक्यू’ हे टेबलावर ठेवायचे यंत्र न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण विभागाने २०२२पासून शेकडो एकाकी वृद्धांच्या घरी दिले. त्याच्या रचनेतल्या दोन गोष्टींना दाद दिली पाहिजे. त्याला माणसाचा चेहरा नाही. दिव्यासारखे डोके फक्त वळते आणि उजळते. आणि ते हाकेची वाट न पाहता स्वतः बोलायला सुरुवात करते, कारण एकाकी माणूस बरेचदा हाक मारायचेच सोडून देतो.

विभागाने जाहीर केले, की वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोकांना एकटेपणा कमी झाल्यासारखा वाटला आणि दिवसाकाठी तीसहून अधिक वेळा संवाद झाला. वृद्धांचे हे सांगणे खोटे मानण्याचे कारण नाही. पण काय मोजले याकडे पाहिले पाहिजे. यंत्राशी झालेले संवाद मोजणे सोपे असते. त्या महिन्यात मुलगी किती वेळा आली, शेजारीण डोकावली का, हे आकडे त्याच्या शेजारी मांडल्याशिवाय यंत्राने माणसे जवळ आणली की त्यांची गैरहजेरी सुसह्य केली, हे कळत नाही.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. ॲमेझॉनने २०२१च्या डिसेंबरात वृद्ध आणि दूर राहणारे कुटुंबीय यांच्यासाठी ‘अलेक्सा टुगेदर’ ही मासिक शुल्काची सेवा सुरू केली. तातडीच्या मदतीची सोयही तीत होती. २०२४च्या जूनमध्ये ती बंद झाली. कंपनीच्या हिशेबात हा एका उत्पादनाचा शेवट. रात्री तीनला न्हाणीघरात पडण्याची भीती बाळगून त्या आवाजावर विसंबलेल्या माणसासाठी तो ओ देणाऱ्याचे निघून जाणे आहे. ज्या सेवेवर जीव सोपवायचा, तिच्या करारात ती बंद झाल्यावर काय, याचे उत्तर आधीच असले पाहिजे.

६

आता मंजुळेकडे परत येऊ. २०२०मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या ध्वनिओळख प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात दर शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. म्हणजे यंत्रालाही ‘प्रमाण’ बोलीच कळते, आणि बोली बदलण्याचे ओझे बोलणाऱ्यावर पडते. कवळी काढल्यावरचा उच्चार, अर्धांगवायूनंतरची जड जीभ, वऱ्हाडी वा मालवणी वळण : ज्यांना हाकेची गरज जास्त, त्यांचीच हाक चुकीची ऐकली जाण्याचा धोका जास्त.

गुगल असिस्टंट २०१८मध्ये मराठीत आले. पण मराठी येणे म्हणजे शब्द येणे एवढेच नाही. इंग्रजी यंत्र ‘मी’ म्हणून निभावून नेते. मराठीत त्याला ‘सांगतो’ की ‘सांगते’ हे ठरवावेच लागते. सेवेचा आवाज आपोआप बाईचा का, हा प्रश्न युनेस्कोच्या २०१९च्या अहवालाने विचारला होता. आपल्या व्याकरणात तो प्रत्येक वाक्यात उभा राहतो. आपल्या वॉर्डात ‘सिस्टर’ म्हणजे नर्स आणि ‘मावशी’ म्हणजे आया. रुग्णाची हाकच निरोप कोणाकडे जायचा ते सांगते, पण ‘मावशी’ला केवळ नातेवाईक समजणाऱ्या यंत्राला ते कळणार नाही. ‘जेवलात का?’ हा आपल्याकडे माहितीचा प्रश्न नसतो. आणि ‘बरंय’ या उत्तराचा अर्थ सुरावर ठरतो. कोणाला त्रास नको म्हणून आजोबा जे ‘बरंय’ म्हणतात, ते तब्येत ठीक असल्याची नोंद म्हणून साठवणे ही चूक आहे.

यावर एक साधा उपाय भाषेतच आहे. ‘मी तुमची काळजी घेते’ या वाक्याऐवजी यंत्राने म्हणावे : ‘निरोप सिस्टरना पोचला. त्या दहा मिनिटांत येतील.’ यात ‘मी’ नाही, म्हणून लिंगाचा पेच नाही. आणि ऐकणाऱ्याला पडताळून पाहता येईल असे काही आहे. दहा मिनिटांनी दार उघडले, तर वाक्य खरे. नाही उघडले, तर यंत्राने तेही लपवू नये आणि पुढच्या माणसाला हाक मारावी.

आवाज गोड करणे स्वस्त आहे. दाराशी माणूस पाठवणे खर्चाचे आहे. म्हणून असे साधन विकत घेणाऱ्या रुग्णालयाने, वृद्धनिवासाने किंवा परगावी राहणाऱ्या मुलाने आवाजाची वाखाणणी करण्याआधी एकच गोष्ट विचारावी : रात्री तीन वाजता याला हाक मारली, तर कोण उठून येईल? विक्रेत्याला त्या माणसाचे नाव सांगता आले नाही, तर मानवकेंद्री यंत्राच्या केंद्रात माणूस नाही, असे समजावे.