स्टेडियमचे सौंदर्यशास्त्र आणि बिगाऱ्याचा रुपया

इमारतीची समीक्षा आपल्याकडे आराखड्यापासून सुरू होते आणि छायाचित्रापाशी संपते. वास्तुशिल्पी कोण, घाट कसा, रेषा कुठे वळते, प्रकाश कुठून येतो, एवढे सांगितले की समीक्षकाचे काम संपले. ज्या हातांनी ती उभी केली त्या हातांवर संध्याकाळी किती पैसे पडले, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राबाहेरचा ठरतो. दलित साहित्यालाही हेच ऐकवले गेले होते: तुमची वेदना खरी असेल, पण ती कलेच्या कक्षेत येत नाही. साहित्यात ही कक्षा आपण नाकारली. इमारतीच्या बाबतीत ती मान्य करण्याचे कारण नाही. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम हे त्यासाठी मुद्दाम घेतलेले उदाहरण आहे.

नवव्या आशियाई स्पर्धा 19 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर 1982 या काळात दिल्लीत झाल्या. त्यांच्यासाठी सुमारे साठ हजार प्रेक्षकांचे हे स्टेडियम बांधले गेले. मधोमध फुटबॉलचे मैदान, त्याभोवती धावण्याचा मार्ग आणि उद्घाटन-समारोपाच्या सोहळ्यांची सोय, असे ते बहुउद्देशीय. बहुउद्देशीय स्टेडियम ही नेहमीच तडजोड असते. धावण्याचा मार्ग आला की फुटबॉल पाहणारा प्रेक्षक मैदानापासून दूर जातो. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावे म्हणून प्रत्येक रांग किती उंच घ्यायची, याचे गणित करावे लागते. गर्दी कोणत्या दारांनी, किती वेळात बाहेर पडेल, हेही ठरवावे लागते. म्हणजे प्रेक्षकाची नजर, खेळाडूचे पाऊल, पाहुण्याची खुर्ची आणि कॅमेऱ्याची जागा या सर्वांचा विचार आराखड्यात असतो. बांधणाऱ्याचा नसतो. मात्र त्याचे नशीब तोच आराखडा ठरवतो. स्पर्धांची तारीख हलणार नाही, काँक्रीटचे काम प्रचंड, आणि त्या काळी आपल्याकडच्या बांधकामावर यंत्रापेक्षा माणसाच्या डोक्यावर भार अधिक. अशा वेळी माणसे दुरून, झुंडीने आणि स्वस्तात आणली जातात.

ती कशी आणली गेली, हे एका निकालात नोंदलेले आहे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने आशियाई स्पर्धांच्या बांधकामांची पाहणी करवून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. हा हिशेब एकट्या नेहरू स्टेडियमचा नाही. उड्डाणपूल, क्रीडागारे, तलाव, हॉटेले, खेळाडूंचे निवासस्थान अशा सगळ्या कामांचा तो मिळून आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून मजूर जमादारांमार्फत आणले जात. जमादार म्हणजे आपल्याकडचा मुकादम. कंत्राटदार माणशी 9 रुपये 25 पैसे हे किमान वेतन जमादाराच्या हाती देई. जमादार त्यातून रोज एक रुपया कापून घेई. मजुराच्या हाती पडत 8 रुपये 25 पैसे. बाईच्या हाती पडत सात रुपये. चौदा वर्षांखालील मुलेही कामावर असल्याची तक्रार होती. त्यावर प्रशासनाचे म्हणणे असे, की बालमजुरीच्या 1938 च्या कायद्याच्या यादीत बांधकाम हा व्यवसायच नाही!

18 सप्टेंबर 1982 रोजी निकाल लागला. हे मजूर कंत्राटदाराचे, आमचे नव्हेत, हा सरकारी बचाव न्यायालयाने फेटाळला. बांधकाम हे धोक्याचे काम आहे, म्हणून यादीत असो वा नसो, संविधानाच्या 24 व्या कलमाने तिथे मुलांना मनाई आहे, असे सांगितले. आणि सर्वांत महत्त्वाचे: किमान वेतनाहून कमी पैशांत करावे लागणारे काम म्हणजे 23 व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठ होय. चाबूक दिसला नाही म्हणून सक्ती नाही, असे होत नाही. भूकही सक्ती करते.

मराठी वाचकाला हे समजायला कायद्याचे पुस्तक लागू नये. आपल्या बांधकामांवर गवंडी, सुतार यांना त्यांच्या कामाचे नाव आहे. घमेले उचलणाऱ्याला नाव आहे बिगारी. वेठबिगारीतला बिगार हा शब्द त्याच्या अंगाला चिकटून राहिला आहे आणि आपण तो रोज सहज उच्चारतो. महार वतनाच्या नावाने बापजाद्यांनी रात्रंदिवस केलेली कामे आठवा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्ध. किमान वेतनाचे विधेयक 1946 साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले तेव्हा मजूरमंत्री तेच होते. आणि 23 वे कलम ज्या मसुद्यात आले त्या मसुदा समितीचे अध्यक्षही तेच. तो एक रुपया आणि हे कलम यांचा संबंध असा जुना आहे.

तरीही हा निकाल निर्दोष मानून त्याला हार घालण्याचे कारण नाही. तो आला तेव्हा उद्घाटनाला दोन महिने उरले होते. बहुतेक काँक्रीट तोवर वाळले होते. दुसरे असे, की अस्पृश्यतेविरुद्धचे 17 वे कलमही खाजगी माणसांवर बंधनकारक आहे, असे न्यायालय म्हणाले. पण हे बिगारी कोणत्या जातींचे, कोणत्या गावकुसाबाहेरून आले, हा प्रश्न न्यायालयासमोर आलाच नाही. मजुरी मोजली गेली, जात मोजली गेली नाही. डाव्या मित्रांनाही हे सांगावेसे वाटते, की वर्गाच्या हिशेबातून जात वगळली तर हिशेब पुरा होत नाही.

कोणी म्हणेल, स्पर्धांमुळे देशाची मान उंचावली, गरिबांना चार महिने काम मिळाले. काम मिळाले हे खरे. पण ज्या देशाला साठ हजार खुर्च्या बांधता येतात, त्याला मजुराचा एक रुपया जमादाराच्या खिशातून सोडवता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? तिथे कमी पडली ती इच्छा.

2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी याच स्टेडियमचा कायापालट झाला. जर्मन वास्तुशिल्पींनी पोलादी दोरांवर ताणलेले पडद्यासारखे छत दिले. समीक्षकांनी छताचे कौतुक केले आणि ते सुंदर होतेही. त्याच वर्षी त्याच संघटनेला बांधकाम मजुरांसाठी पुन्हा न्यायालयात जावे लागले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाला पाहणीसाठी समिती नेमावी लागली. 21 सप्टेंबर 2010 रोजी स्टेडियमजवळचा बांधकामाधीन पादचारी पूल कोसळला आणि वीसहून अधिक मजूर जखमी झाले. अठ्ठावीस वर्षांत आराखडा बदलला, छत बदलले. बिगारी होता तिथेच होता.

वास्तुशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना म्हणून एवढेच सांगायचे आहे. स्टेडियमचा आराखडा अभ्यासाल तेव्हा शेजारी हजेरीपट मागा. नाव कोणाचे, दर काय, हाती किती पडले, अंगठा कोणाचा, हे वाचा. आराखडा आणि हजेरीपट एकत्र वाचल्याशिवाय इमारतीवर मत देऊ नका. ती समीक्षा अर्धी असते, आणि जे अर्धे सुटते ते नेहमी आपलेच असते.