अनेकवचनातला ‘स’ : गोव्याचे कागद वाचताना होणारी चूक

बटाटा, चावी, साबण, लिलाव, मेज. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दांची ही यादी आपण शाळेत पाठ केली आणि मंडळाच्या निबंधांतही ती वरचेवर येते. यादी खरी आहे, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. शब्द घाट चढून आला, त्याचं अनेकवचन मात्र खालीच राहिलं. त्यांचं ‘बतातास’, आपलं बटाटे. त्यांचं ‘शाव्हेस’, आपल्या चाव्या, आणि शेजारच्या कन्नड घरात ‘चाविगळु’. (शेवटच्या ‘स’चा उच्चार ‘श’कडे झुकतो, इथं मी लिपीप्रमाणे ‘स’ लिहितोय.)

हेच उलटही घडलंय, आणि आपली गल्लत होते ती तिथं. १५२६ साली अफोंसो मेशियानं तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज आणि कर नोंदवून जी सनद केली, तिला ‘फोराल’ म्हणतात. तिच्या शीर्षकात ‘गांकारेस’ आणि ‘लाव्राडोरेस’ हे दोन शब्द जोडीनं येतात. दुसरा अस्सल पोर्तुगीज. लाव्राडोर म्हणजे जमीन कसणारा. पहिला आपलाच गावकर. पोर्तुगीजात ‘र’नं संपणाऱ्या नामाला अनेकवचनी ‘एस’ लागतो, तो दोघांनाही सारखाच लागला.

आता आपल्याकडचे निबंध बघा. कुठं ‘गांकारेसांनी कर भरला’ असं दुहेरी अनेकवचन, तर कुठं ‘गांकारेस’ नावाचा कुणी एक अधिकारीच उभा केलेला. ही शुद्धलेखनाची बारीकसारीक चूक नव्हे. गावकरी ही संस्थाच मुळात सामाईक. जमीन गावकरांच्या मंडळीची, निर्णय सगळ्यांनी बसून करायचा. ‘गांकारेस’ हा एक माणूस समजलात, की त्या सगळ्यांचा हक्क एका वाक्यात पुसला जातो.

दुसऱ्यांना कशाला बोलू? ‘सत्तरी ही एक नोव्हास कॉन्किस्तास’ असं मीच एकदा लिहून बसलो होतो. ‘कॉन्किस्ता’ म्हणजे जिंकलेला मुलूख. ‘नोव्हास कॉन्किस्तास’ म्हणजे नवे मुलूख : अठराव्या शतकात जोडलेले फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे. पोर्तुगीजात विशेषणालाही ‘स’ लागतो. म्हणजे मी लिहिलं होतं, ‘सत्तरी हा एक नवे मुलूख’! चोर्ला घाट उतरला की लागणारी सत्तरी, आणि तिच्याबद्दल ही आपली तऱ्हा.

पण हाच ‘स’ आपल्या उपयोगालाही येतो. मराठी कागदात ‘राणे आले’ असं असलं, तर एक राणे मानानं आले की घराण्यातले पुष्कळजण, हे नुसत्या क्रियापदावरून कळत नाही. पोर्तुगीजाला मात्र ठरवावंच लागतं : ‘ऊ राने’ म्हणजे एक, ‘उस रानेस’ म्हणजे अनेक. दीपाजी राण्यांचा १८५२ चा उठाव किंवा दादा राण्यांचा १८९५ चा, अशा प्रसंगांचे कागद वाचताना एकटा माणूस आणि त्याच्यामागचा जमाव यांतला फरक या एका अक्षरानं दिसतो.

तरी दिसेल तो ‘स’ काढून टाकू नका. फर्नांडिस एकच असतो. तिथला ‘स’ ‘फर्नांदोचा मुलगा’ या जुन्या अर्थाचा. म्हणून आधी नामापुढचा ‘ऊ’ की ‘उस’, ‘आ’ की ‘आस’ ते बघावं. ‘ल’नं संपणारे शब्द रूप पालटतात : एक फोराल, अनेक ‘फोराइस’. ‘आंव’नं संपणारे तर तीन वाटांनी जातात. लिलाव ज्यावरून आला त्या ‘लैलांव’चं ‘लैलोंइस’, पावाच्या ‘पांव’चं ‘पांइस’, आणि हात म्हणजे ‘मांव’ याचं नुसतं ‘मांवस’. ही तीन रूपं पाठ करावी लागतात, इलाज नाही.

माझं म्हणणं एवढंच. शब्दांची यादी आता पुरे. गोव्याचा कागद हाती आला, की नामाचं एकवचन शोधा आणि त्यालाच मराठी अनेकवचन लावा. ‘गांकारेस’च्या जागी सरळ गावकर लिहा.