बाप्तिस्म्याचे पाणी आणि पाणवठा

माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला की मराठी बोली त्याला ‘बाटला’ म्हणते. या क्रियापदाकडे आपल्या समीक्षेने फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही. बाटते ते सोवळे. जे जन्मतःच ओवळे ठरवले गेले, ते बाटणार कसे? ज्याची सावली पडली तर सवर्णाला आंघोळ करावी लागे, तो महार ख्रिस्ती झाला तर नेमका कशाने बाटला? या प्रश्नाला शब्दापाशी उत्तर नाही. पण समाजाने ते आपल्या परीने देऊन ठेवले आहे. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर तो तत्त्वासाठी बाटला. महार-मांग ख्रिस्ती झाला तर तो पोटासाठी बाटला. एकाच्या धर्मांतराला शोकांतिकेचा मान, दुसऱ्याच्या धर्मांतराला भाकरीचा हिशेब. खरी श्रद्धा कोणती आणि खोटी कोणती, याचा न्याय आपल्याकडे या दोन मापांनी होत आला आहे. ही मापे कोणी घडवली आणि ती कोणाच्या सोयीची आहेत, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न जुन्या दप्तरातला नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे संविधान दिनीच, सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा झालेला होता, ती नियमाने चर्चला जात होती, म्हणून ती ख्रिस्तीच आहे, असे न्यायालयाने ठरवले. आणि खऱ्या श्रद्धेवाचून केवळ आरक्षणाच्या लाभासाठी केलेले धर्मांतर ही संविधानाशी केलेली फसवणूक आहे, असे म्हटले. त्या एका दाव्याचे गुणदोष बाजूला ठेवू. पण ‘खरी श्रद्धा’ हा शब्द न्यायालयाच्या भाषेत आला की प्रश्न उभा राहतो : ती मोजायची कशाने? आणि मोजमाप नेहमी दलितांचेच का घ्यायचे?

मराठी वाङ्मयात खऱ्या धर्मांतराचा नमुना कोणता? बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने ‘नवा करार’ दिला. दोन वर्षांच्या वाचनमननानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी आत्मचरित्रातला मानदंडच. या लेखनातून एक साचा तयार झाला. आधी शंका, मग ग्रंथवाचन, मग रात्रंदिवसाची तळमळ, घरच्यांचा आकांत, आणि शेवटी एकट्याने घेतलेला निर्णय. हा साचा खोटा नाही. या माणसांनी खरोखरच सोसले. परंतु या साच्यात बसण्यासाठी काय लागते, ते पाहा. लिहितावाचता यावे लागते. एकांत लागतो. विचार करायला फुरसत लागते. आणि गमावण्यासारखे काहीतरी आधी हाती असावे लागते. ज्याला अक्षर शिकण्याची बंदी, ज्याचे सारे कुटुंब एका खोपटात, त्याने आपल्या अंतर्यामीच्या वादळाची रोजनिशी ठेवली नाही, म्हणून त्याच्या आत वादळच नव्हते, असे मानायचे काय? आत्मचरित्र नसणे म्हणजे आत्मा नसणे नव्हे.

आणि जे या साच्यातले सर्वांत तेजस्वी उदाहरण, त्या पंडिता रमाबाईंकडे पाहिले तर हे माप तिथेच मोडते. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि इतर धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या वाकत नाहीत. चर्चने सांगितले म्हणून एखादे मत मानायला त्या तयार नाहीत. सदसद्विवेकाचा अधिकार त्या कोणाच्याही स्वाधीन करीत नाहीत. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितले की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला आणि ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे विधी १८८३ चा आणि श्रद्धा नंतरची! मग १८८३ चा बाप्तिस्मा खोटा होता काय? असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. श्रद्धा हा एका दिवसाचा प्रसंग नसतो, ती वाढत जाते, हे रमाबाईंच्या बाबतीत आपण सहज समजून घेतो. विदुषीला दिलेली ही सवलत नगरच्या महाराला का मिळत नाही? तो आज भाकरीसाठी दाराशी आला असेल; उद्या त्याला त्या घरात आणखी काही सापडले असेल. उद्याची वाट न पाहता त्याच्यावर शिक्का का मारला गेला?

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ साली ठाणे मांडले. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर त्या भागात महार आणि मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. हा क्रम सरळ आहे, तो लपवायचे कारण नाही. दुष्काळ पडला, मिशनने अन्न आणि काम दिले, लोक आले. परंतु हा क्रम सांगणारे दुसरा प्रश्न विचारत नाहीत : त्याच दुष्काळात याच लोकांच्या तोंडात घास घालायला गावचा धर्म का पुढे आला नाही? भुकेल्याला अन्न देणाऱ्याविषयी विश्वास वाटणे हे लाचेचे लक्षण असेल, तर कृतज्ञता नावाचा गुण माणसातून काढूनच टाकावा लागेल.

शिवाय दलितांच्या मनात धर्माविषयी प्रश्नच नव्हता, पोटाचाच होता, हे तरी खरे आहे काय? १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापून आला. तिने बाप्तिस्मा घेतला नव्हता. पण ज्यांना वेदांना हात लावता येत नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने थेट देवाला विचारला. दुष्काळाच्या वीस वर्षे आधी मांगवाड्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न भाकरीचा आहे, की धर्मशास्त्राच्या गाभ्याचा?

आणखी एक आक्षेप असा की हे लोक झुंडीने गेले. झुंडीला कसली श्रद्धा? हा आक्षेप घेणाऱ्याला गावगाडा ठाऊक नाही. एकट्या महाराने मेलेले ढोर ओढायचे नाकारले तर त्याचे बलुते बंद, त्याचा रस्ता बंद. साऱ्या महारवाड्याने नाकारले तरच तो नकार टिकतो. आपल्याकडे जात माणसाला एकट्याने जगू देत नाही. मग तिच्यातून बाहेर पडताना मात्र त्याने एकट्याने पडावे, ही अट कशासाठी? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक एका दिवशी एका शब्दावर उठले, तेव्हाही हीच ओरड झाली होती. नगरच्या ख्रिस्ती महाराला ‘झुंड’ म्हणून हिणवणाऱ्या आपल्यातल्या मित्रांनी हे विसरू नये. तोच दगड दीक्षाभूमीवरही येऊन पडतो.

या आक्षेपांच्या मुळाशी एक गृहीत आहे : दलिताला स्वतःचे मन नाही. १९३६ साली गांधीजींनी अमेरिकन धर्मोपदेशक जॉन मॉट यांना विचारले होते, की तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल काय? अस्पृश्यांची समज त्याहून अधिक नाही, असा त्या बोलण्याचा रोख होता. मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनऱ्यांच्या धर्मांतरांवर प्रलोभनाचा ठपका ठेवला. १९६८ साली त्या राज्यात धर्मांतराची वर्दी जिल्हा दंडाधिकाऱ्याला देण्याचा कायदा झाला. इतिहासाचा विनोद असा, की त्या समितीचे अध्यक्ष, माजी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांनी स्वतः १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांना कोणी प्रलोभनाविषयी विचारले नाही, आणि ते योग्यच झाले. न्यायमूर्तीला मन असते, हे सर्वांना मान्य आहे. प्रश्न एवढाच, की ते आदिवासीला आणि अस्पृश्यालाही असते, हे मान्य आहे काय?

मग धर्मांतराच्या खरेपणाची काही कसोटीच नाही काय? आहे. परंतु ती दारातल्या हेतूची नसून घरातल्या वागण्याची आहे. अमेरिकन मिशनरी वॅस्कम पिकेट यांनी १९३३ साली भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक कोणत्या हेतूने आले यापेक्षा आल्यावर त्यांना शिक्षण आणि सोबत कशी मिळाली, यावर त्यांचे ख्रिस्तीपण अधिक अवलंबून राहिले, असा त्याचा निष्कर्ष होता. बाबासाहेबांनीही ‘मुक्ती कोन पथे?’ या १९३६ च्या भाषणात धर्मांतराची ऐहिक बाजू लपवली नाही. सामाजिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही अंगांनी त्यांनी त्याचा विचार मांडला. अन्नाची, मानाची, माणुसकीची भूक ही धर्माबाहेरची गोष्ट आहे, असे म्हणणारा धर्म भरल्या पोटाच्या लोकांचाच असू शकतो.

पण बाबासाहेबांची दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे, आणि ख्रिस्ती बांधवांनी तर अधिकच. भारतीय ख्रिस्ती समाजावरील त्यांचे लेखन १९८९ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. धर्मांतरितांच्या जीवनात पुरेसा पालट झाला नाही, जात चर्चच्या आत शिरली, आणि अन्यायाविरुद्ध लढण्यात हा समाज मागे राहिला, अशी त्यांची टीका आहे. माणसाचे दुःख त्याच्या वैयक्तिक पापातून येते, असे शिकवले की समाजव्यवस्थेचे पाप झाकले जाते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

या टीकेला इतिहासाने पुरावे दिले आहेत. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतरे झाली. पण बामण, चारडो, सुदीर या जाती ख्रिस्ती नावे घेऊन तशाच राहिल्या. मदुरैला सतराव्या शतकात रॉबर्ट दी नोबिली यांनी ब्राह्मणी वेष घेतला, आणि उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या जानव्याला रोमची परवानगी मिळाली. तिरुचिरापल्लीच्या एका दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी राहिली. २०१६ साली कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या दलितविषयक धोरणात चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली. आता सांगा, या ठिकाणी कोणाचे धर्मांतर खोटे ठरते? भाकरीसाठी आलेल्या परयाचे, की त्याच्या शेजारी बसायला नकार देणाऱ्या खानदानी ख्रिस्त्याचे?

ख्रिस्ती धर्मग्रंथाचा निवाडा याबाबत स्पष्ट आहे. अंत्युखियात पेत्र परजातीयांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमहून वजनदार मंडळी आल्यावर तो भिऊन उठला. तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर फटकारले. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. तुमचे हे जेवण प्रभूचे जेवणच नव्हे, असे पौलाने त्यांना बजावले. म्हणजे पहिल्या पिढीतच खऱ्या श्रद्धेची परीक्षा पंगतीत झाली. पेत्राच्या हेतूची चौकशी कोणी केली नाही; तो कोणाच्या शेजारून उठला, एवढेच पाहिले गेले. लक्ष्मीबाईंचेही मोठेपण इथेच आहे. त्यांच्या मनातून जातीचा विटाळ गेला, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारे त्यांच्या विनोदावर लुब्ध होतात. सोवळे सुटण्याची ती कथा धर्मांतराची खरी कथा म्हणून आपण वाचायला हवी.

दलित ख्रिस्त्यांनी ही कसोटी आता स्वतःच्या हाती घेतली आहे. मराठी धर्मशास्त्रवेत्ते अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरला दलितांच्या अनुभवातून धर्मशास्त्र मांडायला सुरुवात केली. आमची वेदना हा तुमच्या दयेचा विषय नसून ईश्वराला ओळखण्याची जागा आहे, हा त्या विचाराचा गाभा. या विचाराने ख्रिस्ती दलित उपकृताच्या ओसरीवरून उठून घराच्या मध्यभागी आला.

राज्यसंस्था मात्र अजून दाराशीच चौकशी करीत उभी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्यावर जोडे शिवणाऱ्या एका आदि-द्रविड ख्रिस्त्याला चर्मकारांसाठीच्या योजनेतली टपरी नाकारली गेली; १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. त्याच्या हातातली आरी तीच, रस्ता तोच, गिऱ्हाइकाची नजर तीच. बदलला होता तो फक्त प्रार्थनेचा शब्द. आणि तेवढ्याने त्याची जात संपली, असे कायद्याने ठरवले. गावाने आणि चर्चने मात्र नाही. म्हणजे दलिताने धर्म बदलला तर ‘लाभासाठी’, आणि लाभ गमावूनही तो त्या धर्मात राहिला तर त्याची कोणी दखल घेत नाही. पंचाहत्तर वर्षे सवलतींवर पाणी सोडून लाखो दलित ख्रिस्ती राहिले. यापेक्षा निराळा श्रद्धेचा पुरावा कोणाला हवा आहे?

म्हणून कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः मराठीच्या शिक्षकांनी या प्रश्नाची मांडणीच उलटी करावी. ‘तू का आलास?’ हा प्रश्न येणाऱ्याला विचारण्याआधी ‘तुम्ही त्याला कुठे बसवले?’ हा प्रश्न घरातल्यांना विचारावा. १९२७ साली महाडला आपण पाण्याला हात लावला, तेव्हा तहान खरी की खोटी, हे सवर्णांना ठरवायचे होते. आपण त्यांना तो अधिकार दिला नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याचेही तेच आहे. त्या पाण्याने माणूस खरोखर नवा झाला की नाही, हे त्याच्या मनात डोकावून कळणार नाही. ते पाणवठ्यावर कळेल, पंगतीत कळेल, सोयरिकीत कळेल, आणि शेवटी दफनभूमीत कळेल. तिथे भिंत असेल, तर धर्मांतर व्हायचे अजून बाकी आहे. आणि ते भिंत बांधणाऱ्याचे.