निरर्थक अक्षरांचा अर्थ : आरंभीच्या रॉक अँड रोल ध्वनिमुद्रिका आणि त्यांचे रसिक

१

कविता छापील पानावर असली म्हणजे ती समीक्षेचा विषय होते. तीच गायली गेली तर तिची रवानगी संगीताच्या प्रांतात होते. नृत्यासाठी गायली गेली तर तिला करमणूक म्हणून बाजूस सारण्यात येते. मराठीच्या अध्ययन-अध्यापनात ही वाटणी इतकी रूढ आहे की तिचे समर्थन करण्याची गरजही कोणास वाटत नाही. भाषाशास्त्राने मात्र ध्वनिमुद्रिकेला संहितेचा दर्जा फार पूर्वीच दिला. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ ह्या काळात दोनशेहून अधिक ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आल्या, त्या बोलींचा उच्चार कागदावर पुरता उतरत नाही ह्या जाणिवेतूनच. जे उच्चाराविषयी खरे ते गीताविषयी अधिकच खरे असावयास हवे. पण गीताच्या समीक्षेने ही दिशा धरली नाही.

हे काम विद्यापीठाबाहेर एका निराळ्याच वर्गाने केले. तो वर्ग म्हणजे जुन्या तबकड्यांचे संग्राहक व रसिक. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. तिने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालविले आणि तबकड्या वाजवून ऐकविण्याच्या बैठकी भरविल्या. अशा बैठकींत व त्याबाहेरील खाजगी मैफलींत रसिक आपापल्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका एकमेकांस ऐकवितात व त्यांविषयी बोलतात. ह्या बोलण्याला समीक्षा म्हणता येईल काय, आणि म्हणता आल्यास तिच्यापासून वाङ्मयाच्या व भाषेच्या अभ्यासकाने काय घ्यावे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. उदाहरणादाखल आरंभीच्या रॉक अँड रोलची व त्याला समांतर असलेल्या हिंदी चित्रपटगीतांची निवड केली आहे. ह्या गीतांत शब्दार्थाचा आधार सर्वांत क्षीण असल्याने प्रश्न येथे सर्वांत तीव्रतेने उभा राहतो.

२

अमेरिकेतील घटनाक्रम थोडक्यात असा : जॅकी ब्रेन्स्टनच्या नावावरील ‘रॉकेट एटी-एट’ १९५१ चे. बिल हेली व त्याच्या वाद्यवृंदाचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ एप्रिल १९५४ मध्ये मुद्रित झाले आणि १९५५ च्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ ह्या चित्रपटामुळे सर्वतोमुखी झाले. एल्व्हिस प्रेस्लीने मेंफिस येथे जुलै १९५४ मध्ये ‘दॅट्स ऑल राइट’ गायिले. ते मूळचे आर्थर क्रूडप ह्या कृष्णवर्णीय गायकाचे. लिट्ल रिचर्डचे ‘टूटी फ्रूटी’ आणि चक बेरीचे ‘मेबेलिन’ ही दोन्ही १९५५ ची.

आपल्याकडील क्रम ह्याच्याशी जुळणारा नाही, आणि हेच लक्षात घेण्याजोगे आहे. ‘शहनाई’ (१९४७) ह्या चित्रपटातील रविवारच्या भेटीचे प्रसिद्ध गीत आणि ‘अलबेला’ (१९५१) मधील ‘शोला जो भडके’ ही दोन्ही ‘रॉक अँड रोल’ हे नाव जगभर रूढ होण्यापूर्वीची आहेत. दोहोंचे संगीतकार सी. रामचंद्र. ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचे, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. ‘अलबेला’चे दिग्दर्शक व नायक भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा, यांचा जन्म १९१३ साली अमरावतीस झाला. सी. रामचंद्रांचे साहाय्यक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हे गोव्यातील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक. तात्पर्य, ज्याला सरसकट ‘पाश्चात्त्य’ म्हणून बाजूस सारले जाते त्या नादाच्या घडणीत वऱ्हाड, गोदाकाठ आणि गोवा ह्यांची माणसे होती; त्यांनी उचलले ते मुख्यतः लॅटिन अमेरिकन ताल व स्विंग नृत्यवृंदांचे वळण. रॉक अँड रोल हा प्रकार प्रत्यक्ष नाव घेऊन आला तो १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ ह्या गीताबरोबर.

प्रसाराचा इतिहासही बोलका आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाल्यावर आकाशवाणीने चित्रपटगीतांवर कात्री चालविली. श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ‘विविध भारती’ अवतरली ती ऑक्टोबर १९५७ मध्ये, म्हणजे ‘आशा’च्याच वर्षी. शासनाने जे अनैष्ठिक ठरविले ते श्रोत्यांनी पत्रे लिहून, नावानिशी फर्माईश करून मागून घेतले. आवड जाहीर करणे ही त्या काळी एक सार्वजनिक कृती होती. शिवाय तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर विजेवाचून वाजू शके. वीज न पोहोचलेल्या डोंगरी गावासही तिचे दार बंद नव्हते. दमदमच्या कारखान्यात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पाश्चात्त्य देशांहून अधिक काळ निघत राहिल्या. १९६० नंतर उदयास आलेल्या बीटल्सच्या गीतांच्याही ७८ फेऱ्यांच्या भारतीय तबकड्या निघाल्या व आज परदेशी संग्राहक त्यांच्या शोधात असतात, ते ह्याच कारणाने.

३

रसिकांच्या बोलण्याचे विश्लेषण केल्यास त्यात तीन प्रकारची विधाने आढळतात. पहिला प्रकार वस्तुविषयक : लेबलाचा रंग, तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचे वर्ष, वादकांची नावे. दुसरा स्मृतिविषयक : गीत प्रथम कोठे ऐकले, कोणाबरोबर ऐकले. तिसरा प्रकार निर्देशाचा. तबकडी फिरत असते आणि रसिक बोट उचलून म्हणतो, ‘आता ऐका’, ‘हे बघा, इथे’. ह्या विधानांत विशेषण नसते, युक्तिवादही नसतो; केवळ दर्शक सर्वनाम आणि आज्ञार्थी क्रियापद असते.

पहिला प्रकार उपयुक्त आहे. त्यावाचून पाठनिश्चिती अशक्य आहे. दुसऱ्या प्रकाराने मात्र पुष्कळ घोटाळा होतो. स्मृती गीताला चिकटते आणि गीताचे मूल्य म्हणून मिरवू लागते. विरळ तबकडी ती चांगली तबकडी, हा दुसरा भ्रम. तिसरा भ्रम ‘पहिले’पणाचा. पहिले रॉक अँड रोल गीत कोणते, ह्या वादाला अंत नाही, कारण प्रश्नच सदोष आहे. प्रकाराच्या सीमा क्रमाक्रमाने बदलतात. ज्याप्रमाणे अमुक वर्षी प्राकृत संपून मराठी सुरू झाली असे सांगता येत नाही, त्याचप्रमाणे अमुक तबकडीने नवा संगीतप्रकार सुरू झाला असेही सांगता येत नाही. ‘शोला जो भडके’ला रॉक अँड रोल म्हणणे हा कालविपर्यास होय.

परंतु तिसऱ्या प्रकारच्या विधानांचे महत्त्व वादातीत आहे. ‘इथे ऐका’ असे म्हणणारा रसिक बहुधा अशा स्थळी बोट ठेवतो जेथे शब्दाला अर्थ नाही : अक्षर तालावर आपटते, स्वर मोडतो, श्वास ऐकू येतो. छापील संहितेवर वाढलेला समीक्षक नेमकी हीच स्थळे ओलांडून पुढे जातो. भावगीताच्या आस्वादाने मराठी मनाला शब्दप्रधानतेची सवय लावली. शब्द आधी, चाल नंतर, आणि चालीने शब्दाची सेवा करावी, असा तो संकेत. हा संकेत एका प्रकाराचा धर्म आहे. त्याला गीतमात्राचा नियम मानल्याने मोठे क्षेत्र दृष्टिआड झाले आहे.

४

‘ईना मीना डीका’ ह्या शीर्षकाचेच उदाहरण घेतले तरी पुरे. तीन शब्द, प्रत्येकी दोन अक्षरांचे. प्रत्येकाचे पहिले अक्षर दीर्घ ‘ई’चे, दुसरे ‘आ’चे. म्हणजे जीभ टाळ्याजवळ उचललेली आणि ओठ ताणलेले, ह्या स्थितीतून मुख पूर्ण उघडण्याची क्रिया तीनदा होते. आद्यस्थानी प्रथम व्यंजनाचा अभाव, नंतर अनुनासिक ‘म’, नंतर मूर्धन्य स्पर्श ‘ड’ : आघात पायरीपायरीने वाढतो. मध्यस्थानी ‘न’, पुन्हा ‘न’, आणि मग ‘क’. तिहाईत तीनही आवृत्त्या समान असतात. येथे दोन समान आणि तिसरी मोडलेली आहे. अपेक्षा निर्माण करून ती भंग करण्याचे हे कार्य केवळ वर्णयोजनेने साधले आहे. याकोबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात निबंधात भाषेचे काव्यात्म कार्य म्हणून जे वर्णिले, म्हणजे संदेशाचा रोख संदेशाच्या स्वरूपावरच असणे, त्याचे याहून शुद्ध उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. ‘टूटी फ्रूटी’च्या आरंभीच्या अक्षरांविषयीही हेच म्हणता येते, ती ढोलाच्या गतीचे तोंडी रूप आहेत, जसे तबल्याचे बोल.

हे गीत किशोरकुमार व आशा भोसले यांच्या आवाजांत स्वतंत्रपणे मुद्रित झाले आहे. तीच अक्षरे दोन कंठांतून ऐकावयास मिळणे ही अभ्यासकाला मिळालेली आयती सामग्री होय. स्वर कोठे लांबतो, व्यंजन कोठे आपटते, ताल कोठे जाणूनबुजून चुकविला जातो, हे दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून तपासता येते. छापील गीतपुस्तिकेत दोहोंतील भेद शून्य असतो.

अर्थहीन अक्षरांचे गान ही काही परक्यांकडून आलेली वस्तू नव्हे. सामगानातील स्तोभांचे लक्षण मीमांसकांनी सांगितले आहे : ऋचेतील वर्णांहून अधिक आणि त्यांहून भिन्न ते स्तोभ. अर्थ नसल्याने ते गाळावेत असे कोणी म्हटले नाही, कारण त्यांच्यावाचून साम पूर्ण होत नाही. नोमतोम आणि तराणा यांची परंपरा सर्वश्रुत आहे. वऱ्हाडातील भुलाबाईच्या गाण्यांतही पुष्कळ अक्षरे फेराच्या गतीसाठीच येतात. तेव्हा चित्रपटगीतातील अशा अक्षरांना ‘अर्थशून्य’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याच परंपरेचा एक भाग विसरलेला असतो.

५

‘ईना मीना डीका’च्या जन्माविषयी रसिकांत दोन हकीगती प्रचलित आहेत. एक अशी की, संगीतकाराच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी मोजणीच्या गाण्यावरून ती अक्षरे सुचली. दुसरी अशी की, एका गोवेकर वादकाने ‘मला नको’ ह्या अर्थाचे कोकणी शब्द त्यात घातले. ह्या हकीगती खऱ्या असोत वा नसोत, त्या सांगितल्या का जातात हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

ह्याचे उत्तर चिखलदऱ्याच्या नावात सापडते. सातपुड्यातील गाविलगड किल्ल्याजवळचे हे थंड हवेचे ठिकाण. ‘चिखल’ व ‘दरा’ हे दोन्ही शब्द मराठी कानाला परिचित आहेत. तरीही भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्याचे ‘चिखलदरा’, ही लोकव्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. नावामागे कथा असल्यावाचून मनाला स्वस्थता नसते. केवळ नाद पुरेसा वाटत नाही. त्याला उगम हवा, पात्रे हवीत, प्रसंग हवा. गीताच्या जन्मकथा ही गीताची लोकव्युत्पत्तीच होय. तिचा इतिहास म्हणून स्वीकार करू नये. परंतु श्रोता नादाचे काय करतो ह्याचा पुरावा म्हणून ती जपून ठेवावी.

६

हा विचार केवळ जुन्या तबकड्यांपुरता मर्यादित राहत नाही. चिखलदऱ्याच्या भोवती, मेळघाटात, कोरकू भाषा बोलली जाते. मुंडा भाषाकुलातील ही अगदी पश्चिमेकडील भाषा. ग्रियर्सन यांच्या पाहणीच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची नोंद आहे आणि नॉर्मन झाईड यांनी १९६० मध्ये तिच्या ध्वनिव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. कोरकूंच्या समूहनृत्याला ‘सुसून’ म्हणतात, आणि गीत हे तेथे पावलांपासून वेगळे काढता येत नाही. आता लोकगीतांच्या मुद्रित संग्रहांची रूढ पद्धत पाहावी. ध्रुवपदातील अक्षरे एकदा द्यावयाची, पुढे ‘इत्यादी’ लिहावयाचे. ज्या अक्षरांचा अर्थ निवेदक सांगू शकत नाही ती ‘पादपूरणार्थ’ म्हणून टाकावयाची. उरलेल्या शब्दांचा मराठी अनुवाद करून त्यावरून समाजाच्या श्रद्धा व दुःखे काढावयाची. अशा रीतीने सिद्ध झालेली संहिता गीताची नसते. ती गीतातून अर्थ तेवढा वेचून घेतल्यावर उरलेली असते. हीच पद्धत ‘ईना मीना डीका’ला लावल्यास हाती काय राहील, ह्याची कल्पना प्रत्येकाने करावी. त्या गीताच्या बाबतीत ही हानी तत्काळ ध्यानात येते, कारण तबकडी उपलब्ध आहे आणि कान ती ओळखतो. कोरकू गीताच्या बाबतीत ती ध्यानात येत नाही, कारण वाचकाने ते ऐकलेलेच नसते. जे चिखलदऱ्याचा घाट चढून गीते गोळा करतात त्यांच्यावर म्हणूनच अधिक जबाबदारी आहे. ध्वनिमुद्रण हे लेखनाचे साधन नसून तेच मूळ आहे, लेखन ही त्याची टीप आहे. अर्थ न लागणारे प्रत्येक अक्षर, प्रत्येक आवृत्तीसह, लिहिले गेले पाहिजे. आणि गाणाऱ्याला ‘ह्याचा अर्थ काय’ असे विचारण्यापूर्वी ‘ह्यात ऐकण्याजोगे काय’ असे विचारले पाहिजे. हा दुसरा प्रश्न तबकड्यांचे रसिक एकमेकांस नित्य विचारतात.

त्यांच्या बोलण्यात स्मृतीचा गहिवर आहे, विरळतेचा अभिमान आहे, ‘पहिले’पणाचा हट्ट आहे, हे दोष वगळले पाहिजेत. परंतु ‘इथे ऐका’ हे त्यांचे वाक्य समीक्षेच्या सर्व वाक्यांच्या आधीचे आहे. ज्या समीक्षेला आपल्या विषयात बोट ठेवण्याजोगे स्थळ दाखविता येत नाही, तिची पुढील मीमांसा कितीही विस्तृत असली तरी अधांतरीच राहते. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात, आणि त्या ऐकून ज्यांचे कान तयार झाले ते श्रोतेही दिवसेंदिवस कमी होत आहेत. तबकड्यांचे संगणकीय जतन होऊ शकते. त्यांतील कोणत्या क्षणी बोट उचलावयाचे हे ज्ञान मात्र रसिकांस विचारून, लिहून घेऊनच राखता येईल. ते काम भाषेच्या विभागांनी आपले मानावे.