खलनायक दिसतो, यंत्र दिसत नाही

मुले आणि मोबाइल हा विषय निघाला, की 'द सोशल डायलेमा' या माहितीपटाचे नाव हमखास पुढे येते. जेफ ऑर्लोव्स्की यांनी दिग्दर्शित केलेला हा सुमारे दीड तासाचा माहितीपट जानेवारी २०२० मध्ये सनडान्स महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला. तो नववीपुढच्या मुलांना दाखवावा का? आमचे मत असे, की जरूर दाखवावा. पण दाखवून झाल्यावर शिक्षकाचे खरे काम सुरू होते. कारण या माहितीपटाने भीती चांगली दाखवली आहे, यंत्र मात्र नीट दाखवलेले नाही.

त्याचे मोठे बळ म्हणजे त्यात बोलणारी माणसे. गुगलमध्ये काम केलेले ट्रिस्टन हॅरिस, फेसबुकचे 'लाइक' बटण घडवणाऱ्यांपैकी जस्टिन रोझेनस्टाइन, कितीही सरकवले तरी न संपणारे पान तयार करणारे एझा रास्किन. ज्यांनी हे घडवले, तेच त्याविषयी शंका घेत आहेत. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन येते.

मुलाखतींच्या मधून एका कुटुंबाची काल्पनिक गोष्ट येते. आई जेवणाच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल बरणीत बंद करते आणि धाकटी मुलगी ती बरणी फोडते. मुलगा बेन याच्या मोबाइलमागे एकसारखे दिसणारे तीन पुरुष बसलेले दाखवले आहेत. त्याला काय दाखवायचे हे ते आपसात ठरवतात. मुलांना हे लगेच कळते. पण विज्ञानशिक्षकाने इथेच सावध व्हावे. पाऊस का पडतो, याचे उत्तर 'इंद्र कोपला' असे दिले तर गोष्ट रंगते, पण बाष्पीभवन शिकवायचे राहून जाते. तसेच इथे झाले आहे.

गंमत अशी, की यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग माहितीपटात क्षणभर दिसतो. बेनसमोर एक जाहिरात दाखवायची असते. तिचा लिलाव होतो, चारशेहून अधिक जण बोली लावायला तयार असतात आणि सुमारे सव्वातीन सेंटांना सौदा तुटतो. प्रेक्षक हसेपर्यंत दृश्य पुढे सरकते. आमच्या मते या एका प्रसंगावर अर्धा तास खर्च करायला हवा होता. तो शिक्षकाने वर्गात करावा.

सुरुवात कुकीपासून करावी. संकेतस्थळाचा संगणक मुळात विसराळू असतो. पान मागणारा आताच येऊन गेलेला आहे की नवा, हे त्याला कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी त्यावर तोड काढली. संकेतस्थळाने पाहुण्याच्या ब्राउझरकडे एक लहानशी नोंद द्यायची आणि पुढच्या वेळी ब्राउझरने ती परत दाखवायची. देवळाबाहेर चपला ठेवताना बिल्ला मिळतो, तसेच हे. यात वावगे काही नाही.

अडचण पुढे आहे. आपण वाचतो त्या बातमीच्या पानावरची जाहिरात बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येते आणि तीही आपला बिल्ला देऊ शकते. त्याच कंपनीच्या जाहिराती हजारो संकेतस्थळांवर असतील, तर सगळीकडे तिला तोच क्रमांक दिसतो. देऊळ, दवाखाना, किराणा दुकान आणि पुस्तकालय यांच्या दारांत एकाच मालकाचे नोकर बिल्ला पाहून वहीत नोंद करत बसावेत, तसा हा प्रकार. वहीत नाव नसले तरी माणूस कळतोच.

यानंतर लिलाव. पान उघडताच सेकंदाच्या छोट्याशा अंशात जागेची बोली लागते. फेसबुकसारख्या कंपन्या तो आपल्या घरातच करतात. माहिती त्यांच्याकडे राहते. खुल्या लिलावात मात्र हा क्रमांक, उपकरणाचा प्रकार, अंदाजे ठिकाण आणि उघडलेले पान एवढे बोली लावणाऱ्या अनेकांकडे जाते. जिंकतो एक, पण माहिती हरणाऱ्यांच्याही हाती पडते. गोपनीयतेचा प्रश्न नेमका इथे आहे, आणि माहितीपट नेमका इथे गप्प आहे.

सेवा फुकट असेल तर विकला जाणारा माल आपणच, हे वाक्य माहितीपटात ठसवले आहे. फेसबुकने ऑक्टोबर २०२० मध्ये लेखी उत्तर देऊन आपण माहिती विकत नसल्याचे सांगितले. तेवढ्यापुरते ते खोटे नाही. विकली जाते ती आपल्या नजरेसमोरची जागा, आणि माहितीमुळे तिचा भाव चढतो. हिशेबही वर्गात करून पाहता येईल. २०२० मध्ये फेसबुकला जाहिरातींतून सुमारे ८,४१७ कोटी डॉलर मिळाले. महिन्यातून एकदा तरी येणारे लोक सुमारे २८० कोटी. म्हणजे माणशी वर्षाला सरासरी ३० डॉलर. अमेरिकेतला आकडा याहून पुष्कळ मोठा आणि आशियातला पुष्कळ लहान, हे लक्षात आणून दिले तर सरासरी कशी फसवते हाही धडा होईल.

आणखी एक उणीव सांगायला हवी. अमेरिकन किशोरींच्या मानसिक दुःखाचे चढते आलेख समाजमाध्यमांच्या प्रसारासोबत दाखवले आहेत. दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. संशोधकांत या कार्यकारणावर मतभेद आहेत. माहितीपट ते सांगत नाही.

शेवटी उपाय येतात: सूचना बंद करा, मोबाइल झोपण्याच्या खोलीत नेऊ नका. काही जण कायद्याची गरजही बोलून दाखवतात, पण मनावर ठसतो तो संयमाचा उपदेश. नंतरचा इतिहास वेगळे सांगतो. सफारी ब्राउझरने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाइताच्या कुकी बंद केल्या. एप्रिल २०२१ पासून ॲपलने, इतरत्र माग काढण्यापूर्वी वापरणाऱ्याची परवानगी घेणे ॲपना भाग पाडले. त्यामुळे त्या वर्षी सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असे फेसबुकच्या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले. उलट गुगलने क्रोममधून अशा कुकी काढण्याचा २०२० मध्ये जाहीर केलेला बेत जुलै २०२४ मध्ये सोडून दिला. फरक पडला तो यंत्राचा नियम बदलल्याने, आणि नियम कंपनीच्या मर्जीवर राहिला की तो बदलतो किंवा बदलत नाही. म्हणून कायदा लागतो. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. काही अपवाद सरकारला करता येतात. आपल्या वर्गातली मुले याच वयाची आहेत.

जाता जाता हेही नोंदवावे, की नेटफ्लिक्सही प्रेक्षकाची आवड हेरून शिफारशी करते आणि नोव्हेंबर २०२२ पासून काही देशांत जाहिरातींसह स्वस्त वर्गणी देते. माहितीपटात याचा उच्चार नाही.

तेव्हा लिलावाच्या दृश्यापाशी चित्र थांबवावे. शाळेच्या संगणकावर एखाद्या बातमीचे पान उघडावे, एफ-१२ कळ दाबून 'नेटवर्क' हा कप्पा पाहावा, पान पुन्हा उघडावे आणि किती वेगवेगळ्या ठिकाणांहून सामग्री आली ते मुलांना मोजू द्यावे. त्यातले प्रत्येक ठिकाण जाहिरातीचेच असेल असे नाही. कोणते कशासाठी, हे शोधणे हाच गृहपाठ. ज्याने ही मोजणी स्वतः केली, त्याला त्या तीन पुरुषांची भीती वाटणार नाही, आणि कोणाला कोणता प्रश्न विचारायचा हेही कळेल.