फासा आधी की आकडा आधी?

आजचा विषय मोबाइलवरच्या लुडोचा आहे. हसू नका. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये 'लुडो किंग' आणला आणि २०२०च्या टाळेबंदीत तो घरोघरी खेळला गेला. माझी टीका त्या एका खेळावर नाही. समोरासमोर न बसता खेळायच्या सगळ्याच खेळांच्या मांडणीबद्दल मी बोलतोय.

घरच्या पटावर फासा गडगडतो, म्हणून सहा पडतात. ऑनलाइन खेळात साधारणपणे उलटे असते. आकडा दूरच्या सर्व्हरवर ठरतो, तिथून निरोप येतो, आणि मग तोच आकडा वर येईल अशा बेताने पडद्यावरचा फासा गडगडतो. न्यायदर्शन सांगते की कारण हे कार्याच्या नियमाने आधी असते. इथे गडगडणे हे कारणच नाही, नुसती शोभा आहे. याला मी फसवणूक म्हणत नाही. कुणी आपल्या फोनवर आकडा बदलू नये म्हणून निकाल सर्व्हरकडे ठेवणे योग्यच आहे.

मग बिघडते कुठे? निरोप क्षणात येतो, पण गोटीला पाच घरे चालायला दोन-तीन सेकंद लागतात. निरोप आला की लगेच पडद्यावर उतरवला, तर मारणारी गोटी पोहोचायच्या आत मेलेली गोटी घरी जाऊन बसते. क्रिकेटमध्ये शेजारी 'आउट' म्हणून ओरडतात आणि आपल्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावतोच आहे, तसेच हे. उपाय सोपा आहे. निरोप रांगेत लावा. एक दाखवून झाला की दुसरा. मधेच रेंज गेली, तर परत आल्यावर जुन्या चाली दाखवत बसू नका. पट आत्ता जसा आहे तसा थेट मांडा.

पण रांग लावली की खरा प्रश्न येतो: घड्याळ कोणाचे? समजा, सर्व्हरने तुमच्या पाळीचे पंधरा सेकंद मोजायला सुरुवात केली, आणि तुमच्या फोनवर समोरच्याची गोटी अजून चालतेच आहे. अकोले तालुक्यातल्या डोंगरात जुन्या फोनवर खेळणाऱ्या पोराला पंधरातले दहाच मिळतील, पुण्यातल्याला चौदा. नियम एक, वेळ दोन. पोरगं म्हणतं, 'गेम चीटिंग करतोय', आणि आपण त्याला वेड्यात काढतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं बरं का!

म्हणून फोनने आधी 'दाखवून झाले' असे कळवावे आणि मग घड्याळ सुरू व्हावे. आक्षेप येईल की लबाड खेळाडू कधी कळवणारच नाही. बरोबर आहे. त्यासाठी थांबण्याला मर्यादा घाला, चालीला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. शोभेला लागणारा वेळ खेळाने सोसावा, खेळणाऱ्याच्या पाळीतून कापू नये.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.